दहा बाय पंधराच्या हॉलसाठी स्पीकर कसे निवडावेत

स्पीकर घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन दुकानात शिरतो: किती वॅटचा घेऊ? दुकानात या प्रश्नाचं उत्तर तयारच असतं. तासाभरात पाच लहान डबे, एक मोठा ठोकळा आणि वायरींचं भेंडोळं घरी येतं. सहा महिन्यांनी मागचे दोन डबे माळ्यावर गेलेले असतात, ठोकळा सारखा घुमतो म्हणून बंद ठेवलेला असतो आणि मालिकेतले संवाद ऐकायला आवाज वाढवावाच लागतो.

माझ्या घरासाठी आणि पुढे नात्यातल्या, सोसायटीतल्या बऱ्याच जणांसाठी ही खरेदी करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्याकडे गाणं म्हणजे बहुतांशी गळा आणि टीव्ही म्हणजे बहुतांशी संवाद. अशा घरात माणसाचा आवाज खरा वाजवणारे दोन चांगले स्पीकर घ्यावेत. त्याच पैशांत येणाऱ्या सहा सामान्य स्पीकरांपेक्षा ते कितीतरी जास्त समाधान देतात. पुढची सगळी मांडणी वन किंवा टू बीएचके फ्लॅटमधला, फरशीचा, साधारण १० बाय १५ फुटांचा हॉल डोळ्यांपुढे ठेवून केली आहे. तुमची खोली वेगळी असेल तर आकडे बदलतील, पायऱ्यांचा क्रम तोच राहील.

१. घरात काय ऐकलं जातं ते लिहून काढा

आठवडाभर लक्ष ठेवा आणि कागदावर लिहा: कोण, काय, किती वेळ ऐकतं. आईचे सकाळचे अभंग, संध्याकाळच्या मालिका आणि बातम्या, मुलांचे गेम, शनिवारचा चित्रपट, रात्री सगळे झोपल्यावर ऐकलेला एखादा विलंबित ख्याल. तासांची बेरीज केली की चित्र एकदम वेगळं दिसतं. ‘आम्हाला चित्रपटांसाठीच हवाय’ म्हणणाऱ्या घरांत चित्रपट आठवड्यातून तीन तास आणि बोलण्याचे कार्यक्रम वीस तास, असं अनेकदा निघतं.

याच कागदावर लिहा: ही यंत्रणा रोज कोण सुरू करणार? घरातल्या ज्येष्ठांना तीन रिमोट आणि ‘इनपुट’ बदलण्याची कसरत करावी लागणार असेल, तर ते पुन्हा टीव्हीच्या स्वतःच्या आवाजाकडे वळतील. एका रिमोटने चालणं ही गरज म्हणून लिहा, सोय म्हणून नको.

२. खोली मोजा आणि टाळी वाजवा

मोजपट्टी घ्या. लांबी, रुंदी, उंची फुटांत लिहा. मग ५६२ या आकड्याला त्या प्रत्येक मापाने भागा. आवाज सेकंदाला साधारण ११२५ फूट जातो आणि ५६२ हे त्याचं निम्मं. भागाकारातून जे येतात ते तुमच्या खोलीचे स्वतःचे घुमण्याचे सूर, हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंप या मापात.

१५ फूट लांबीला येतात ३७ हर्ट्झ, १० फूट रुंदीला ५६ आणि साडेनऊ फूट उंचीला ५९. शेवटचे दोन आकडे नीट पाहा. ते जवळजवळ एकच आहेत, म्हणजे गाण्यात या पट्ट्यातला सूर आला की रुंदी आणि उंची दोन्ही मिळून तो फुगवतात. स्पीकर कितीही महाग असो, हे घुमणं खोलीचं असतं. १० बाय १०ची, दहा फूट उंचीची चौकोनी खोली तर सगळ्यात वाईट, कारण तिथे तिन्ही आकडे एकच येतात. अशा खोलीत सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा मोठा डबा, न घेणंच शहाणपणाचं. कोकणातल्या उतरत्या कौलांच्या घरात उलट अनुभव येतो. छत सपाट नसतं आणि आवाज फटींतून बाहेर जातो, त्यामुळे खर्ज सुटसुटीत पण थोडा हलका वाटतो. तिथे सबवूफरचा खरा उपयोग होतो.

आता खोलीच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीमागून ‘टर्रर्र’ असा बारीक कंप आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकत आहेत. व्हिट्रिफाइड फरशी, काचेचं सरकतं दार आणि कोऱ्या भिंती असलेल्या नव्या फ्लॅटमध्ये हे हमखास होतं. त्यात संवादातले ‘स’, ‘श’, ‘च’ टोचायला लागतात आणि शब्द पुसट होतात.

यावरचे उपाय स्वस्त आहेत, म्हणून स्पीकरच्या आधी करा. स्पीकर आणि तुमची बैठक यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा घाला. काचेच्या दारावर भिंतभर, चुण्यांचा जड पडदा लावा. एका बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट असेल तर फारच उत्तम. मग पुन्हा टाळी वाजवून बघा. मला तर वाटतं, पंधरा हजारांच्या स्पीकरला तीन हजारांचा पडदा जेवढा सुधारतो, तेवढा पुढचा महाग स्पीकरही सुधारत नाही.

३. प्रकार ठरवा

ब्लूटूथ किंवा स्मार्ट स्पीकर: स्वयंपाकघर, झोपायची खोली, सकाळचे अभंग यांसाठी छान. एकाच डब्यातून येणाऱ्या आवाजात गायक मध्ये, तबला एका बाजूला अशी रुंदी मिळत नाही. हॉलचा मुख्य स्पीकर म्हणून तो घेऊ नका.

साउंडबार: टीव्हीच सर्वात जास्त लागत असेल, जागा कमी असेल आणि ज्येष्ठांनी चालवायचा असेल, तर हा प्रामाणिक पर्याय आहे. मात्र मधला वेगळा स्पीकर, म्हणजे सेंटर चॅनेल, असलेला बार पाहा, कारण संवाद तिथून येतात. गाणं मन लावून ऐकणाऱ्याला बारवर बहुतेक वेळा समाधान मिळत नाही, कारण दोन टोकं जेमतेम तीन फुटांवर असतात.

पॉवर्ड बुकशेल्फ जोडी: कपाटात किंवा स्टँडवर मावणारे दोन लहान स्पीकर. आवाजाला ताकद देणारा ॲम्प्लिफायर स्पीकरच्या आतच असतो. दोन डबे, एक रिमोट, टीव्हीला एक केबल. पहिल्यांदा घेणाऱ्या दहातल्या सात-आठ घरांना मी हेच सुचवतो. साधारण दहा ते वीस हजारांत ऐकण्याजोग्या जोड्या मिळतात. त्यात एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज स्पीकरकडे आणणारी जोडणी, पायरी ७ पाहा) असलेलं मॉडेल निवडा, थोडे जास्त पैसे पडले तरी.

साधी बुकशेल्फ जोडी आणि वेगळा ॲम्प्लिफायर: गाणं हा ज्यांचा रोजचा जीव आहे त्यांच्यासाठी. खर्च वाढतो, पण एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो आणि चांगली जोडी वीस-वीस वर्षं चालते. वॉर्फडेल, क्यू अकूस्टिक्स, डाली, पोल्क, एलॅक अशा कंपन्यांच्या लहान जोड्या भारतात मिळतात. मॉडेल सतत बदलतात, म्हणून एखाद्या नावावर अडून बसू नका.

टॉवर: उंच, देखणे आणि १० बाय १५ साठी बहुतेक वेळा अनावश्यक. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणायला जागा नसेल तर त्यांचा खर्ज खोली भरून टाकतो आणि गळा त्यात बुडतो.

५.१ संच: पाच स्पीकर आणि एक सबवूफर. मागचे स्पीकर तुमच्या कानांच्या बाजूला, किंचित मागे हवेत. समोरची दिशा शून्य धरली तर साधारण ११० अंशांवर. आपल्या हॉलमध्ये सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला, एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला जेवणाचं टेबल. ती जागा खरंच असेल तरच ५.१चा विचार करा.

लहान डब्यातून काय होणार, अशी शंका अनेकांना येते. बीबीसीने १९७०च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये ऐकण्यासाठी एलएस३/५ए नावाचा स्पीकर तयार केला. जागाच कमी, म्हणून उंची जेमतेम फूटभर, पण माणसाचा आवाज तपासण्याचं काम त्याने इतकं चोख केलं की आजही त्याच्या आवृत्त्या बनतात आणि विकल्या जातात.

४. डब्यावरचे आकडे वाचायला शिका

वॅट. ‘पीएमपीओ’ असं लिहिलेला आकडा पूर्ण दुर्लक्षित करा, त्याला मोजण्याची ठरलेली पद्धतच नाही. फक्त आरएमएस, म्हणजे सलग देता येणारे वॅट बघा. आणि ते किती लागतात, याचा हिशोब स्वतः करा.

समजा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल आहे. म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज. तुम्ही तीन मीटरवर बसता, तिथे तो साडेनऊ डेसिबलने उतरतो. दोन स्पीकर आहेत म्हणून तीन डेसिबल परत मिळतात आणि भिंती थोडी भर घालतात. एकूण साधारण ८० डेसिबल, तेही एका वॅटमध्ये. घरात आपण मनसोक्त ऐकतो ती सरासरी पातळी ७०च्या आसपास असते. त्याला लागतो एका वॅटचा दहावा भाग. डग्ग्यावरची थाप किंवा चित्रपटातला स्फोट सरासरीपेक्षा २० डेसिबल वर गेला, तर शंभर पट, म्हणजे दहा वॅट. तेव्हा चॅनेलला, म्हणजे प्रत्येक स्पीकरला, खरे ३० ते ५० वॅट असले की या खोलीसाठी भरपूर झाले. ‘हजार वॅट’ची पाटी बघून जादा पैसे देऊ नका.

सेन्सिटिव्हिटी. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. म्हणून ८३ आणि ८९ डेसिबलच्या स्पीकरांत चार पट वॅटचा फरक आहे. साधा ॲम्प्लिफायर घेणार असाल तर ८६ च्या वरचा स्पीकर बघा.

ओहम. स्पीकर विजेला किती विरोध करतो त्याचं हे माप. ॲम्प्लिफायरच्या मागे ‘६ ते १६ ओहम’ लिहिलं असेल तर त्याला ४ ओहमचे स्पीकर लावू नका, तो तापतो आणि बंद पडतो. ८ ओहमचे स्पीकर जवळजवळ कशालाही चालतात.

फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे स्पीकर किती खालच्या सुरापासून किती वरच्या सुरापर्यंत वाजतो. ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ एवढंच छापलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. पुढे ‘±३ डेसिबल’, म्हणजे या पट्ट्यात आवाज तीन डेसिबलपेक्षा जास्त वर-खाली होत नाही, असं लिहिलं असेल तर तो आकडा विश्वासाचा. किती खाली जायला हवं? काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गाणाऱ्या गायकाचा षड्ज साधारण १३८ हर्ट्झवर असतो आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तानपुऱ्याचा खर्ज १०४ वर येतो. म्हणजे ५५-६० हर्ट्झपर्यंत खरोखर उतरणारा सव्वापाच इंची वूफर, म्हणजे स्पीकरमधला खर्ज वाजवणारा मोठा भाग, मैफलीचा पाया पूर्ण देतो. त्याखाली राहतात ऑर्गन, सिंथेसायझर, स्फोट आणि डीजेचा ठोका. ते तुमच्या कागदावर वरच्या क्रमांकाला असतील तर सबवूफर घ्या. नसतील तर पैसे वाचवा, नंतर कधीही जोडता येतो.

५. ऐकायला जाण्याआधी पिशवीत काय घ्यावं

– मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेल्या, तुम्हाला पाठ असलेल्या पाच-सहा रेकॉर्डिंग. दुकानात नेट मिळेलच असं नाही.
– मोबाइलमध्ये डेसिबल मोजणारं एखादं मोफत ॲप.
– खोलीचा नकाशा: मापं, सोफा, टीव्ही आणि प्लग कुठे आहेत, सगळं.
– टीव्हीच्या मागच्या आणि बाजूच्या सगळ्या सॉकेटचे फोटो.
– टीव्ही युनिटच्या कप्प्याची रुंदी, उंची आणि खोली इंचांत.
– घरात दुसरं कोणी जास्त ऐकत असेल तर ती व्यक्ती. हे विसरू नका.

रेकॉर्डिंग कोणती? दुकानदार जे लावतो ते स्पीकरचं गुणगान करण्यासाठी निवडलेलं असतं, त्यावर निर्णय घेऊ नका. माझी यादी अशी: तानपुरा स्पष्ट ऐकू येणारा पुरुष आवाजातला ख्याल, वरच्या सप्तकात जाणारा स्त्री आवाज, टाळ आणि पखवाज असलेला अभंग, ढोलकी गाजणारी लावणी, एखाद्या जुन्या नाटकातला संवाद आणि तुम्हाला आवडणारं एखादं आजचं गाणं.

६. दुकानात कसं ऐकावं

ही पायरी घाईत उरकू नका. सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, मंगळवार-बुधवारी दुपारी जा. आधी फोन करून सांगा की तासभर ऐकायचं आहे.

एका वेळी दोनच जोड्यांची तुलना करा आणि दोन्हींचा आवाज ॲपवर मोजून सारखा करून घ्या. एखाद-दोन डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर कानाला ‘जास्त चांगला’ वाटतो. विकणाऱ्याला हे ठाऊक असतं. शक्य असेल तर डोळे मिटा किंवा सोबत्याला अदलाबदल करू द्या आणि कुठला चालू आहे ते विचारू नका. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात स्पीकर पडद्याआड ठेवून अशा चाचण्या केल्या होत्या. नाव, आकार आणि किंमत दिसेनाशी झाली की ऐकणाऱ्यांची आवड बरीचशी एकसारखी होते आणि ती वर-खाली न करता सरळ वाजणाऱ्या स्पीकरकडे झुकते, असं त्यातून दिसलं.

कान कशावर ठेवायचा ते सांगतो.

तानपुरा: चारही तारा वेगळ्या जाणवतात का, की एकच भुणभुण ऐकू येते? तारेच्या जवारीतून उमटणारे वरचे सूर दिसायला हवेत.

गायक: डोळे मिटल्यावर आवाज दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधून, हवेतून आल्यासारखा वाटला पाहिजे. छातीतून येणारा आवाज पिंपातून आल्यासारखा वाटला तर तो स्पीकर सोडा. मधला खर्ज मुद्दाम फुगवून ‘भारदस्त’ केलेले स्पीकर पाच मिनिटं मोहवतात आणि आठवड्याभरात थकवतात.

टाळ: ही ट्वीटरची, म्हणजे बारीक, वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या भागाची खरी परीक्षा. टाळ कापायला लागला, दहा मिनिटांनी कान थकले, आवाज कमी करावासा वाटला, तर घरी फरशीच्या खोलीत तो आणखी टोचेल.

पखवाज आणि ढोलकी: थाप पडली की थांबते का? एकामागून एक येणारे बोल वेगळे मोजता आले पाहिजेत. सगळे मिळून ‘धम्म’ होत असेल तर तो खर्ज खोटा आहे.

संवाद: आवाज अगदी हळू करा. रात्री अकरा वाजता लहान मूल झोपलेलं असताना जेवढा ठेवाल तेवढा. शब्द कळतात का? माझ्या दृष्टीने ही सगळ्यात महत्त्वाची कसोटी, आणि दुकानात ती कोणीच घेत नाही.

शेवटी विचारा: घरी ऐकून बघायला देता का? चांगली दुकानं अनामत घेऊन दोन दिवस देतात. दुकानातली डेमो रूम गालिच्यांची आणि गाद्यांची असते, तुमची खोली तशी नाही.

एका वाक्यापासून सावध राहा: ‘शंभर तास वाजू द्या, मग आवाज खुलेल.’ हे शंभर तास पूर्ण होईपर्यंत परत करण्याची मुदत संपलेली असते. पहिल्या दिवशी टोचणारा स्पीकर पुढेही टोचतोच असा अनुभव आहे.

७. टीव्हीची जोडणी

टीव्हीवरच्या एचडीएमआय सॉकेटांपैकी एकावर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेलं असतं. केबल त्याच सॉकेटला लावायची, दुसऱ्या कशालाही नाही. मग टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. एआरसी नसेल तर ऑप्टिकल केबल वापरा. इथे एक सापळा आहे: केबल लावली, सगळं सुरू केलं, तरी आवाज येत नाही किंवा खरखर येते, आणि लोक स्पीकर बिघडला म्हणून परत नेतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’, म्हणजे साधा, न बांधलेला सिग्नल, करा, बहुतेक वेळा काम होतं. दोन स्पीकरांच्या जोडीला डॉल्बीचा बांधलेला सिग्नल उलगडता येत नाही, म्हणून असं होतं.

टीव्हीचा आवाज ब्लूटूथवरून घेऊ नका. साध्या ब्लूटूथमध्ये दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. मोबाइलवरून गाणी ऐकायला मात्र ब्लूटूथ चालतो.

काहीही वाजत नसताना ‘हूंऽऽ’ असा सलग आवाज येत असेल, तर सेट-टॉप बॉक्सला येणारी गोल केबल काढून बघा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगचा आहे. केबलवाल्याला आणि वायरमनला दाखवा.

८. बिल, वॉरंटी आणि परदेशातून आणलेली वस्तू

पैसे देण्याआधी हे सगळं हातात हवं: जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल, त्यावर मॉडेल आणि दोन्ही स्पीकरांचे सिरियल नंबर, शिक्का-तारखेसह वॉरंटी कार्ड आणि परत करण्याची मुदत लेखी. खोक्यावरचं लेबल वाचा. परदेशी मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी असणं कायद्याने बंधनकारक आहे. ते नसेल तर माल चोरवाटेने आलेला आहे आणि कंपनीची वॉरंटी मिळणार नाही, मग किंमत कितीही कमी असो. खोकं आणि थर्माकोल वर्षभर जपून ठेवा, दुरुस्तीला पाठवताना लागतं. दुकान दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

अमेरिकेतल्या भावाने किंवा मुलीने येताना ॲम्प्लिफायर आणायचा बेत अनेक घरांत होतो. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची. मागच्या लेबलवर ‘१००-२४० व्होल्ट’ नसेल तर ते यंत्र थेट आपल्या प्लगला लावलं की जळतं. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण तो जड असतो, गुणगुणतो आणि वॉरंटी तरीही तिकडचीच. वीज न लागणारे साधे स्पीकर आणायला हरकत नाही, फक्त वजनाचा विचार करा.

जुने स्पीकर घेत असाल तर जाळी काढून वूफरच्या कडेची गोल पट्टी पाहा. ती फोमची असेल तर आपल्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होतो. रबराची पट्टी टिकते. कोन, म्हणजे मधला हलणारा शंकू, बोटांनी चारही बाजूंनी सारखा, अगदी हलके आत दाबा. आतून घासल्यासारखी खरखर लागली तर कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, बहुधा जळालेली किंवा जागेवरून सरकलेली आहे.

९. मांडणी

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हायला हवा. स्पीकरांत सहा-सात फूट अंतर आणि तुम्ही तितकेच किंवा थोडे जास्त लांब. तोंड किंचित तुमच्याकडे वळवा. ट्वीटर कानाच्या उंचीवर हवा. सोफ्यावर बसलात तर ती उंची जमिनीपासून तीन फुटांच्या वर असते. गादी-तक्क्याची बैठक असेल तर बरीच खाली, तेव्हा स्टँड घेण्याआधी बसून मोजा. एक स्पीकर कपाटावर आणि दुसरा स्टुलावर, असं कधीही ठेवू नका.

टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात स्पीकर कोंबणं ही आपल्याकडे सर्वात जास्त दिसणारी गोष्ट आहे. मागे भोक असलेला स्पीकर तिथे गुदमरतो. कप्प्यातच ठेवणं भाग असेल तर भोक पुढे असलेला किंवा पूर्ण बंद डब्याचा स्पीकर घ्या, तो कप्प्याच्या काठापर्यंत पुढे ओढा आणि उरलेल्या फटीत जुनं ब्लँकेट भरा. ॲम्प्लिफायरच्या भोवती मात्र काही भरू नका, त्याला हवा लागते. सोफा मागच्या भिंतीपासून फूटभर जरी पुढे आणता आला तरी घुमणं बरंच कमी होतं.

वायर: ‘ऑडिओफाइल’ नावाची महागडी वायर लागत नाही. दीड चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची दुपदरी वायर २० फुटांपर्यंत उत्तम चालते. ती आणि बनाना प्लग (वायरीच्या टोकाला लावायची पिन) पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात. लाल टोक लालला, काळं काळ्याला, दोन्ही स्पीकरांना. एका बाजूला उलट लागलं तर काहीच बंद पडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण खर्ज गायब होतो आणि गायक मधून न येता खोलीभर पसरतो. संशय आला तर बातम्या लावा: निवेदकाचा आवाज मध्यभागी घट्ट नसेल तर वायर तपासा.

सबवूफर घेतला असेल तर तो तात्पुरता तुमच्या बसायच्या जागी ठेवा, खर्जाचं गाणं लावा आणि गुडघ्यांवर भिंतीकडेने फिरा. जिथे खर्ज सर्वात स्वच्छ, सारखा ऐकू येईल तिथे सबवूफरची कायमची जागा. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या सुराखालचं काम सबवूफर घेतो ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा. काचेचं शोकेस किंवा लोखंडी कपाट कुठे खुळखुळतं तेही याच वेळी शोधा आणि तिथे फेल्टचे तुकडे चिकटवा.

शेजाऱ्यांचा विचारही आत्ताच करा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. खासगी यंत्रणेचा आवाज घराच्या हद्दीवर त्याहून पाचपेक्षा जास्त वर जाऊ नये असाही नियम आहे. खर्ज स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो, म्हणून सबवूफरखाली जाड रबर किंवा फोमचा पाट ठेवा.

१०. पाणी, पावसाळा, मुंग्या

बहुतेक स्पीकरांचे डबे एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळ्यांचे असतात. फरशी पुसताना पाणी खालून शिरलं की कड फुगते आणि ती पुन्हा बसत नाही. जमिनीवरच्या प्रत्येक डब्याला किमान इंचभर उंचीचे रबरी पाय लावा आणि घरकामाला येणाऱ्या ताईंना ते एकदा नीट दाखवून सांगा.

पावसाळ्यात स्पीकर आठवड्यातून दोन-तीनदा तरी वाजवा. समुद्राजवळ राहत असाल तर वायरीची उघडी तांब्याची टोकं हिरवी पडतात. मुलामा दिलेले प्लग लावा किंवा पावसाळा संपला की टोक कापून नवीन सोला. मागच्या भोकातून झुरळं आणि मुंग्या आत जातात, आणि आतला कापूस त्यांना फार आवडतो. भोकावर नायलॉनची विरळ मच्छरजाळी रबरबँडने ताणून बसवा, आवाजावर परिणाम होत नाही. डब्यावर कीटकनाशक फवारू नका, ते कोनवर बसतं. गडगडाट सुरू झाला की प्लग आणि सेट-टॉप बॉक्सची केबल दोन्ही काढा. स्पाइक गार्ड जवळच पडलेल्या विजेपुढे टिकत नाही, आणि केबलमधून आलेला झटका टीव्हीमार्गे स्पीकरपर्यंत पोचतो.